नऊ अंशांचा नाद

आवाज सव्वीस सेकंदांचा होता. गॅरेजचं दार वर केलं, बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून फोन कार्बोरेटरजवळ धरला आणि तो तुकडा व्हॉट्सॲपवर कोल्हापूरला काकांना पाठवून दिला. ह्यूस्टनमध्ये सकाळचे सात, तिकडे संध्याकाळचे साडेपाच. काकांचा चहा झाला असावा, कारण उत्तर लगेच आलं, तेही बोलूनच: "एक व्हॉल झोपलाय रं तुझा. उघडंना झालाय. धुराचा व्हॉल बघ आधी. तोंडातनं फुसकतंय म्हंजे तोच असणार."

काकांनी शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं इंजिनं खोलली. विहिरीवरची ऑइल इंजिनं, ट्रॅक्टर, उसाचे ट्रक, एखाददुसरी अँबॅसडर. आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन त्यांनी आयुष्यात हाताळलेलं नाही. आता अठ्ठ्याहत्तरीत दुकान पोराच्या ताब्यात आहे आणि डाव्या कानानं कमी ऐकू येतं. उजव्या कानानं पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह त्यांना ऐकू आला.

व्हॉल्व्ह कव्हर उतरवलं. चुंबकी स्टँडवर डायल गेज बसवलं, त्याची दांडी पुशरॉडच्या माथ्यावर टेकवली आणि क्रँकच्या नटाला लांब दांड्याचा पाना घालून इंजिन हातानं हळूहळू फिरवू लागलो. कॅमशाफ्टवर प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एक अंडाकृती उंचवटा असतो, लोब म्हणतात त्याला. लोब वर आला की पुशरॉड उचलला जातो, गेजची सुई फिरते. धुराच्या व्हॉल्व्हला सुई इंचाच्या 270 हजारांशांपर्यंत जायला हवी. पहिला गेला, तिसरा गेला, पाचवा गेला. सात नंबरवर सुई 140 ला पोहोचली, थोडी थरथरली आणि परत फिरली. पुन्हा फिरवून पाहिलं. पुन्हा 140. अर्धा लोब झिजून तेलात मिसळला होता.

म्हणजे नवा कॅम. जुन्यासारखाच मागवून बसवला असता तर एका शनिवार-रविवारचं काम होतं. पण इंजिनाचं पुढचं सगळं उतरवायचंच आहे, तर थोडा बरा कॅम का नको, हा विचार मनात आला आणि पुढचे सहा आठवडे मी दुसरं काही वाचलं नाही.

गाडी 1977 ची शेव्हरोले कॅप्रिस. लांबी जवळजवळ 18 फूट, आमच्या जुन्या घराच्या सोप्याएवढी. 350 घनइंचाचं, म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-एट इंजिन. त्या काळच्या प्रदूषण-नियमांना जुळवून घेतल्यावर त्यातून कागदोपत्री 170 हॉर्सपॉवर निघायची. मागे तीन गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो-हायड्रामॅटिक 350. मी ती रोज वापरतो. ऑफिस, भाजी, देऊळ, विमानतळ. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडत नाही, त्यामुळे गाडी सडत नाही आणि मला सबबही उरत नाही. ह्यूस्टनमध्ये असल्या जुन्या लांबलचक गाड्यांना वेगळाच मान आहे. झळाळता रंग, चाकांतून वीतभर बाहेर आलेल्या तारांच्या रिमा, डिकीभर स्पीकर, अशा सजवलेल्या गाडीला इथे 'स्लॅब' म्हणतात. माझ्या गाडीला यातलं काहीच नाही, तरी सिग्नलला काच खाली करून "विकणार का?" असं वर्षातून चार-पाचदा कोणीतरी विचारतंच. हे लोक स्लॅब करायला गाडी मागतात असं आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "सिमेंट कशात कालवतात मग?"

तर कॅम. इंजिनातला हा हातभर लांब, चारेक किलोचा लोखंडी दंड. त्यावर सोळा लोब. क्रँक दोनदा फिरला की हा एकदा फिरतो, आणि त्या एका फेऱ्यात कुठलं दार कधी उघडायचं, किती उघडायचं आणि कधी लावायचं हे सगळं ठरतं. बाकीचं इंजिन ताकदीचं काम करतं. हा फक्त वेळापत्रक सांभाळतो. पण वेळापत्रक बदललं की तेच इंजिन वेगळ्या स्वभावाचं होतं. 1950 च्या दशकात कॉर्व्हेटसाठी झोरा आर्कस-डन्टोव्ह या अभियंत्यानं जो कॅम आखला, त्याला लोक आजही त्याच्याच नावानं ओळखतात. त्याच्याही आधी, 1940 च्या दशकात, लॉस एंजेलिसमध्ये एड इस्केंडेरियन हा आर्मेनियन कुटुंबातला तरुण कॅम घासायला लागला होता. पुढे लोक त्याला 'कॅमफादर' म्हणू लागले. पिस्टन बनवणाऱ्याला किंवा क्रँक ओतणाऱ्याला असा मान मिळाल्याचं मला माहीत नाही.

या मानाचं कारण, माझ्या मते, निम्मं तरी आवाजात आहे.

मोठा कॅम घातलेलं अमेरिकन व्ही-एट सिग्नलला उभं असताना कसं वाजतं, हे शब्दांत सांगणं अवघड आहे. दोन ठोके नीट पडतात, तिसरा अडखळतो, मग चौथा जोरात येतो, सगळी गाडी डाव्या-उजव्या अंगाला झुलते, जणू आत एखादं जनावर पाय बदलत उभं आहे. जुन्या बुलेटचा ठोका ऐकायला लोक चहा अर्धा टाकून टपरीबाहेर येतात ना, तसंच. त्या आवाजासाठी इथली माणसं हजारो डॉलर घालवतात. मी पण त्यातलाच. मराठीत नाद म्हणजे आवाजही आणि वेडही. कोल्हापुरात तर नादखुळा हे कौतुकाचं विशेषण आहे. हा शब्द इथल्या मंडळींना समजावून सांगता आला असता, तर त्यांनी तो लगेच उचलला असता.

पण त्या आवाजाचं शास्त्र वाचलं आणि मला हसूच फुटलं. मोठ्या कॅममध्ये हवेचा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा धुराचा अजून लागलेला नसतो. दोन्ही दारं थोडा वेळ एकदम उघडी. इंजिन जोरात फिरत असेल तेव्हा याचा फायदाच होतो, कारण बाहेर धावणारा धूर नव्या हवेला आपल्यामागे ओढून घेतो. पण गाडी उभी असताना, मिनिटाला सहाशे फेऱ्यांवर, धुराला कसली घाई नसते. तो उलटा आत शिरतो, ताज्या मिश्रणात कालवला जातो, आणि मग कधी ठिणगी पडूनही पेट घेत नाही. एक सिलिंडर गेलं, पुढचं पेटलं, परत एक गेलं. हेच ते जनावराचं पाय बदलणं. उद्यमनगरच्या भाषेत याला 'मिसिंग' म्हणतात. काकांकडे लोक मिसिंग काढायला पैसे मोजायचे. इथे आणायला मोजतात.

हे मी काकांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग आपलं दुकान तिकडंच टाकायला पायजे हुतं."

कॅम निवडायचा म्हणजे आकडे वाचायचे. मुख्य आकडा म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो. क्रँकचा एक फेरा 360 अंशांचा, पिस्टन वरून खाली जायला 180. हे उघडणं नेमकं कुठून मोजायचं यावरून पूर्वी फार घोळ होता. प्रत्येक कारखाना आपल्या सोयीनं मोजायचा, जसा प्रत्येक बाजाराचा शेर वेगळा. मग लोब इंचाचे 50 हजारांश चढला की मोजायला सुरुवात आणि तितकाच उरला की शेवट, अशी रीत पडली. त्या मापानं माझ्या गाडीच्या मूळ कॅममध्ये हवेचा व्हॉल्व्ह 195 अंश उघडा राहायचा आणि धुराचा 202. पिस्टन खाली जाईपर्यंत दार उघडं, वर थोडी उसंत. गृहस्थाश्रमी कॅम.

माझ्यासमोर तीन कागद होते. पहिला 204 आणि 214 अंशांचा. दुसरा 218 आणि 224 चा, त्यात दोन लोबांमधला कोनही आवळलेला, 112 ऐवजी 110 अंश. कोन आवळला की दोन्ही दारं एकदम उघडी राहण्याचा वेळ वाढतो आणि आवाज येतो. तिसरा 230 च्या पुढचा. त्याच्याकडे मी नुसता बघायचो, जसं सराफाच्या दुकानात माणूस आधी घ्यायचं नसलेलंच बघतो.

मन दुसऱ्यावर होतं. आवाज येणार, पण फार नाही. चारचौघांत मान, घरात भांडण नाही. आमच्या ऑफिसात अशा निवडीला 'मधला मार्ग' म्हणतात आणि तो बहुतेक वेळा महागात पडतो.

आमच्या रस्त्यावर एक निवृत्त मशिनिस्ट राहतो. सकाळी कुत्रा फिरवताना माझ्या उघड्या गॅरेजसमोर थांबतो. मी त्याला तिन्ही कागद दाखवले. त्यानं चष्मा लावला नाही, कागदही हातात घेतले नाहीत. मागचा एक्सल कितीचा आहे, एवढंच विचारलं. मी म्हटलं, 2.56. त्यानं कुत्र्याची दोरी ओढली. जाता जाता म्हणाला, आधी टॅकोमीटर लाव आणि एक आठवडा काहीही विकत घेऊ नकोस.

मी पार्ट्सच्या दुकानातून एक स्वस्त टॅकोमीटर आणून स्टिअरिंगच्या कॉलमवर पट्टीनं बांधला. सात नंबर लंगडत असला तरी गाडी चालत होती. दर सिग्नलला, दर रॅम्पवर मिनिटाला किती फेरे तो आकडा बघायचा आणि घरी आल्यावर विजेच्या बिलाच्या पाकिटावर लिहायचा. गाडी 'डी'मध्ये, ब्रेकवर पाय, एसी चालू: 550. वेस्टहायमर रस्त्यावर एका सिग्नलवरून दुसऱ्यापर्यंत: 1400 ते 1800. इथे हमरस्त्याला समांतर जो रस्ता जातो त्याला फीडर म्हणतात. त्याच्यावरून फ्रीवेवर चढताना: 2600, कधी 2900. फ्रीवेवर ताशी 60 मैलांना: 1900. ताशी 70 ला: 2300. आठवडाभरात 3500 च्या वर सुई एकदाच गेली, तीही एका ट्रकनं मला लेनमधून ढकललं तेव्हा.

पाकीट समोर ठेवून मी बसलो. दुसऱ्या कॅमची खरी मजा 2000 च्या पुढे सुरू होते आणि साडेपाच हजारांपर्यंत जाते. रॅम्पवरचे काही क्षण सोडले तर माझ्या गाडीचा सगळा दिवस 2300 ला संपतो. मागचा एक्सल इतका लांब दमाचा आहे की चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाला जेमतेम अडीच फेरे घ्यावे लागतात. तो कॅम जिथं जेवायला बसणार, तिथं मी हात धुऊन उठलेला असणार.

आणि 2000 च्या खाली तो नुसता सौम्य असतो असं नाही, आहे ती ताकदही काढून घेतो. हवेचा व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला की पिस्टन वर येऊ लागलेला असतो आणि आत घेतलेली थोडी हवा परत इनटेकमध्ये ढकलली जाते. इंजिन वेगात असेल तर आत येणाऱ्या हवेचा लोंढाच असा असतो की ती ढकलली जात नाही. मंद गतीला तो लोंढा कुठून आणायचा? माझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच साडेआठाच्या आसपास. त्यातून आणखी हवा गळली तर सिग्नल सुटल्यावर गाडी बैलासारखी बसूनच राहणार. पिकअप वाढवायला गेलो आणि पिकअपच गेला, असं झालं असतं. हे कित्येकांचं होतं आणि ते कार्बोरेटरला दोष देतात.

मॅन्युअल गाडी असती तर यातलं निम्मं दुःख नव्हतं. सिग्नलला क्लच दाबला की इंजिन मोकळं; हवं तितकं अडखळू दे. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि चाकांच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एक चालू केला तर दुसऱ्याची पाती त्याच्या वाऱ्यानं फिरतात. तसंच, फक्त वाऱ्याऐवजी तेल. गाडी उभी असली तरी पहिला पंखा फिरतच असतो आणि दुसऱ्याला ढकलत असतो. म्हणजे 'डी'मध्ये उभ्या इंजिनाच्या खांद्यावर सतत एक हात दाबलेला. मूळ कॅम तो हात सोसतो. मोठा कॅम त्या हाताखाली 500 ला बंदच पडतो. मग स्लो वाढवायचा, 800, 900. मग गाडी ब्रेकवर उभी राहत नाही, पुढे सरकायला बघते, आणि माणूस दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पाय ब्रेकमध्ये रोवून सिग्नल संपायची वाट बघत बसतो.

यावर उपाय आहे. जास्त घसरणारा कन्व्हर्टर घालायचा, जो अडीच हजार फेऱ्यांपर्यंत इंजिनाला मोकळं सोडतो. पण घसरण म्हणजे उष्णता, म्हणून तेलाचा वेगळा कूलर. आणि फ्रीवेवर 1900 ला तो सतत घसरतच राहणार, म्हणून मागचा एक्सल बदलून 3.42 किंवा 3.73. मग फ्रीवेवर इंजिन ओरडणार, म्हणून ओव्हरड्राइव्हचा चार गिअरांचा बॉक्स. उंदरांनी लंगोटी कुरतडू नये म्हणून साधूनं मांजर पाळलं, मांजराला दुधासाठी गाय आणली, गाईला सांभाळायला माणूस आणि शेवटी साधू संसाराला लागला, ती गोष्ट लहानपणी ऐकली होती. त्या साधूकडेही ऑटोमॅटिकच असणार.

सगळ्यात मजेची बाब व्हॅक्यूमची. पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा इनटेकमध्ये पोकळी तयार होते. चांगल्या इंजिनात उभ्या गाडीला ती पाऱ्याच्या 18 ते 20 इंचांइतकी असते. जुन्या अमेरिकन गाड्या या फुकटच्या पोकळीवर काय काय चालवायच्या! माझ्या कॅप्रिसमध्ये ब्रेकचा बूस्टर त्यावर. एसीची हवा तोंडावर यायची की पायांवर, ती झडप त्यावर. डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स त्यावर. आणि गिअरबॉक्सला एक डबीएवढा मॉड्युलेटर जोडलेला असतो, तो इनटेकची पोकळी पाहून ठरवतो की चालकाची घाई किती. पोकळी भरपूर, म्हणजे माणूस निवांत आहे. गिअर लवकर आणि हळू बदल. पोकळी कमी, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबलाय. थांबून जोरात बदल. मोठा कॅम घातला की पोकळी कायमचीच घटते. बिचाऱ्या गिअरबॉक्सला वाटतं मालक सतत घाईत आहे. मालक हिलक्रॉफ्टच्या दुकानातून कढीपत्ता घेऊन येत असतो आणि मागून गिअर धाडकन पडतो.

हिलक्रॉफ्टवर मी शनिवारी आईला घेऊन जातो. तिथल्या भारतीय दुकानांच्या भागाला 2010 पासून महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट असं नाव आहे. आई सहा महिन्यांसाठी येते आणि तिला माझ्या बायकोची हायब्रिड आवडत नाही, कारण ती "आवाज न करता येती, माणसानं वाचायचं कसं?" कॅप्रिसच्या पुढच्या सोफ्यासारख्या सीटवर ती मांडी घालून बसते. एसी पूर्ण, झोत तोंडावर. त्या उन्हाळ्यात पारा 38 ला होता आणि हवेत मुंबईच्या मे महिन्याचा चिकटपणा. मी विचार केला, दुसरा कॅम घातला तर सिग्नलला एसीचा कंप्रेसर चालू होताक्षणी इंजिन गचकणार आणि एसीची झडप पायांकडे वळणार. आईला मी काय सांगणार, की आवाज ऐक?

पहिला कागद मागवला. हवेचा व्हॉल्व्ह 195 वरून 204. नऊ अंश. व्हॉल्व्ह उघडण्याची उंची 0.390 इंचावरून 0.420, म्हणजे पाऊण मिलिमीटर जास्त. उभ्या गाडीच्या गतीला नऊ अंशांचा हिशेब सेकंदाचा चारशेवा भाग इतका होतो. एवढ्यासाठी मी रेडिएटर उतरवला, एसीतला वायू रीतसर दुकानातून काढून घेतला, कंडेन्सर बाजूला केला, पुढची जाळी काढली आणि जुना कॅम दोन्ही हातांनी, बाळाला पाळण्यातून उचलावं तसा, बेअरिंगांना धक्का न लावता बाहेर ओढला. सात नंबरचा लोब अंगठ्यानं चाचपला. बाकीच्यांना नाक होतं, याला नव्हतं. आईनं तो दंड हातात घेऊन वजन पाहिलं आणि "मुसळ बरं हाय" म्हणून परत दिला.

नव्या कॅमच्या प्रत्येक लोबला काळी मॉलिब्डेनमची पेस्ट चोपडायची असते. लोब आणि पुशरॉड यांच्यामधला तुकडा म्हणजे टॅपेट. असल्या सपाट टॅपेटच्या कॅमचं पहिलं अर्ध्या तासाचं आयुष्यच त्याचं पुढचं सगळं ठरवतं. इंजिन चालू झाल्याक्षणी 2000 ते 2500 वर न्यायचं आणि वीस मिनिटं तिथंच धरायचं, स्लोवर येऊ द्यायचंच नाही, कारण लोबांवर तेल उडतं ते क्रँकच्या फिरण्यातून. तेलातही जस्ताचं ते जुनं संयुग हवं, जे नव्या गाड्यांच्या तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या काळजीनं कमी केलं गेलं. आणि मुख्य म्हणजे गाडी पहिल्या किल्लीला चालू व्हायला हवी. स्टार्टर मारत बसलो तर ती पेस्ट पुसून जाते.

मी किल्ली फिरवली. कार्बोरेटरमधून भप्पकन ज्वाळ वर आली आणि माझ्या भुवया गेल्या.

हात लगेच मागे घेतला म्हणून बरं. खुर्चीवर बसून दहा मिनिटं विचार केला. टायमिंगच्या दोन चाकांवरचे ठिपके मी पुस्तकाप्रमाणे समोरासमोर आणले होते. कॅमचा खाली, क्रँकचा वर. आणि तसंच ठेवून डिस्ट्रिब्युटर एक नंबरच्या ठिणगीला लावला होता. पण ठिपके तसे जुळलेले असताना ठिणगीची पाळी एकची नसते, सहाची असते. क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरल्यावर एकची येते. नियमाचं पुस्तक माझ्याकडे होतं, त्या पानावर तेलाचा डागही होता, म्हणजे मी ते वाचलंही होतं. एक नंबरचा स्पार्क प्लग काढला, भोकावर बोट ठेवलं, बायकोला पाना धरून क्रँक फिरवायला सांगितलं. बराच वेळ काही नाही. मग बोटाखाली हवा चढू लागली, बोट ढकलू लागली, आणि फुस्स करून निसटली. हेच एकचं कॉम्प्रेशन. डिस्ट्रिब्युटर उपसून अर्धा फेरा फिरवून परत बसवला.

दुसऱ्या किल्लीला लागली. 2200. वीस मिनिटं. गॅरेजचं दार सताड उघडं, रेडिएटरसमोर घरातला उभा पंखा, बायको हातात पाण्याचा पाइप घेऊन तापमानाच्या काट्याकडे बघतेय, मी ॲक्सिलरेटरच्या दांडीवर बोट ठेवून. पेस्टचा धूर निघाला. मशिनिस्ट कुत्र्यासकट रस्त्यावर येऊन उभा राहिला, सगळा वेळ उभा राहिला. वीस मिनिटांनी मी दांडी सोडली, इंजिन खाली आलं, 600 ला स्थिरावलं आणि गुरगुरत राहिलं. 'डी'त टाकलं: 550. एसी लावला: किंचित झुकलं, सावरलं. व्हॅक्यूमचा काटा 17 वर. मशिनिस्टनं कान पुढे केला, पाच-सहा सेकंद ऐकलं आणि काही न बोलता कुत्र्याला घेऊन गेला. खरं सांगायचं तर मला थोडं वाईट वाटलं.

काकांना आवाज पाठवला, पुन्हा सव्वीस सेकंद. रविवार होता, ते जत्रेला गेले होते, उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "मिसिंग न्हाई. टॅपेट बी गप हायत. ह्यात नवीन काय घातलंस?" नऊ अंशांचं मी समजावून सांगू लागलो, तर मध्येच म्हणाले, "स्लो किती?" साडेपाचशे म्हटलं. "एसी लावून?" एसी लावून. "मग झालं की."

फरक आहे, पण तो फीडरवरून फ्रीवेवर चढताना कळतो, 35 वरून 60 मैलांवर जाताना, पायाला. पूर्वी तिथं गाडी श्वास रोखायची. आता शेवटपर्यंत ओढत राहते. हे मला कळतं. गाडीत बसलेल्या दुसऱ्या कुणालाही कळत नाही, आणि मी सांगायला गेलो तर बायको "हो, जाणवतंय," म्हणते, त्यावरून कळतं की जाणवत नाहीये.

परवा शनिवारी वेस्टहायमरच्या सिग्नलला डाव्या बाजूला एक जुनी कॅमारो येऊन उभी राहिली. निळी, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे, आत पंचविशीतला मुलगा. तिचं इंजिन तसंच वाजत होतं: दोन ठोके, अडखळ, एक जोराचा. आरसा थरथरत होता. मुलाच्या कपाळावर घाम, मागचे ब्रेकचे दिवे घट्ट लाल, आणि तो एका पायानं ब्रेक दाबून दुसऱ्यानं ॲक्सिलरेटरला हळूच टोचत होता, गाडी बंद पडू नये म्हणून. आमच्या गाडीत 550, थंडगार, मागच्या सीटवर कढीपत्त्याची पिशवी आणि दोन नारळ. मी माझ्या बाजूची काच खाली केली. गरम हवेचा लोट आत आला, आणि त्याच्याबरोबर तो आवाज, छातीत वाजणारा. सिग्नल हिरवा झाला. कॅमारो एकदा गचकली, मग चाकं किंचाळली आणि ती पुढे गेली. मी ब्रेकवरचा पाय काढला नव्हता. तो आवाज पुढच्या पुलाखाली शिरून दुप्पट होऊन परत येत होता.

"काच लाव," आई म्हणाली, "गार हवा सगळी बाहेर चाललीय."